मांडी की आसन? मुलांच्या कार-सीटचा इतिहास

आधी एक गणित करा. मोटार ताशी 50 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे 14 मीटर वेगाने जात आहे. ती आदळून 0.1 सेकंदात थांबली. आईच्या मांडीवर 10 किलोचे मूल आहे. त्याला धरून ठेवायला सरासरी किती बल लागेल? सुमारे 1400 न्यूटन, म्हणजे 140 किलोचे ओझे अचानक हातांवर यावे तसे. वर्गात हे उत्तर फळ्यावर आले की क्षणभर कोणी बोलत नाही. आई स्वतःही त्याच वेळी पुढे फेकली जाते, हे तर आपण अजून धरलेलेच नाही.

गणित न्यूटनच्या काळापासूनचे आहे; पण 1930 च्या दशकात अमेरिकेत मिळणाऱ्या मुलांच्या खुर्च्यांचा सुरक्षिततेशी फारसा संबंध नव्हता. मूल उंच बसावे, त्याने गाडीत धडपड करू नये, एवढाच त्यांचा उपयोग. 1959 मध्ये व्होल्वोच्या निल्स बोहलिन यांनी तीन बिंदूंचा पट्टा आणला, तोही मोठ्यांच्या मापाचा.

मुलांचा प्रश्न वेगळा आहे, हे स्वीडनचे डॉक्टर बर्टिल आल्डमन यांनी ओळखले. जेमिनी यानातले अंतराळवीर पाठीवर रेलून उड्डाणाचा जोर झेलतात, यावरून त्यांना कल्पना सुचली आणि 1964 मध्ये त्यांनी मागे तोंड असलेले आसन तयार केले. लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड आणि मान नाजूक असते. समोरून धडक बसली की पुढे तोंड करून बसलेल्याचे धड पट्ट्यात अडकते, डोके मात्र पुढे झेपावते. मागे तोंड असेल तर तोच जोर पाठ, मान आणि डोके यांवर विभागला जातो. (समोरच्या सीटवर एअरबॅग चालू असेल तर हे आसन तिथे कधीच ठेवू नये.) थोड्या मोठ्या मुलांसाठी बूस्टर 1970 च्या दशकात आले. मूल वर उचलले गेले की कमरेचा पट्टा मऊ पोटावर न येता ओटीपोटाच्या हाडांवर बसतो. उशीसारखी दिसणारी ही वस्तू करते ते एवढेच, पण ते मोलाचे.

तंत्र आले, सवय मात्र हटेना. अमेरिकेतील टेनेसी राज्याने चार वर्षांखालील मुलांसाठी कार-सीटचा कायदा केला; तो 1978 पासून लागू झाला. असा कायदा करणारे ते पहिलेच राज्य. त्यासाठी बालरोगतज्ज्ञ रॉबर्ट सँडर्स यांनी खूप धडपड केली होती. पण कायदा मंजूर होताना त्यात एक पळवाट शिरली: मोठ्या माणसाने मूल हातात धरले तरी चालेल! सँडर्स या तरतुदीला ‘मूल चिरडणारी दुरुस्ती’ म्हणत. ती 1981 मध्ये काढली गेली. 1985 पर्यंत अमेरिकेतील सर्व राज्यांत असे कायदे झाले.

आपल्याकडे 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 194 ब आले. 14 वर्षांखालील मूल पट्टा किंवा बालआसनाविना नेल्यास 1000 रुपये दंड आहे. आता पुढच्या सिग्नलला शेजारच्या गाडीत डोकावून पाहा, मूल कुठे बसले आहे ते.