भाऊबीजेच्या जेवणाला घरची सजावट : कागद, खळ आणि चोवीस काड्या

बेळगाव : दसरा झाला की गणपत गल्ली, खडेबाजार, मारुती गल्लीत आकाशकंदील टांगले जातात आणि लोक किंमत विचारून पुढं सरकायला लागतात. फराळाचं सामान, पोरांचे कपडे, ओवाळणी एवढं झाल्यावर सजावटीला पैसे उरतात कुठं? त्यात भाऊबीजेला अक्का, दाजी, भाचरं मिळून पंधरा-सोळा माणसं जेवायला. पावसाळ्यात भिंतीला आलेली ओल तशीच, रंगकाम पुढच्या वर्षावर ढकललेलं. अशा घरासाठी ही माहिती. मी कॉमर्सचा माणूस, म्हणून आधी हिशेब सांगतो. गेल्या दिवाळीत आमच्याकडं कंदील, पताका, भिंतीवरची फुलं असं सगळं दोनशे रुपयांच्या आत बसलं. बल्ब आणि होल्डर तेवढा घरातलाच होता.

पैसे वाया जातात ते चुकीचा कागद आणल्यामुळं. कंदिलाला पतंगाचा कागद लागतो. तो पातळ, त्यातून उजेड छान येतो, पण ओला झाला की रंग सोडतो. पताका आणि घडीच्या फुलांना घोटीव कागद घ्यावा, त्याची घडी कडक बसते. जिलेटिन चमकतं खरं, पण त्याला खळ धरत नाही. जाड पुठ्ठा विकत आणूच नये. वर्षभरात आलेल्या लग्नपत्रिका आणि साडीचे खोके कशासाठी आहेत? थर्माकोलचा विषय सोडा. सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे.

खळ घरीच करावी. दोन मोठे चमचे मैदा एक वाटी थंड पाण्यात गुठळी न राहता कालवायचा, मग मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरेपणा जाऊन ती काचेसारखी दिसायला लागली की उतरवायची. दोन दिवसांत वास मारते, म्हणून थोडीच करा. जुनी माणसं कीड लागू नये म्हणून त्यात मोरचूद टाकायची. ते विषारी आहे, लहान मुलं असलेल्या घरात नको.

आता कंदील. आपला जुना पारंपरिक कंदील म्हणजे बांबूच्या बरोबर २४ सारख्या काड्या. पाऊण फुटाच्या घेतल्या तर कंदील साधारण फूटभर उंच होतो. चार-चार काड्यांचे सहा चौकोन दोऱ्यानं बांधायचे. चौकोन तिरका झालाय का हे डोळ्यांना कळत नाही. समोरासमोरच्या कोपऱ्यांमधलं अंतर दोऱ्यानं मोजा, दोन्ही सारखं आलं पाहिजे. मग चार चौकोन कोपऱ्यावर उभे करून, शंकरपाळ्यासारखे, शेजारच्याच्या कोपऱ्याला कोपरा बांधत गोल पुरा करायचा. वरच्या चार टोकांना पाचवा चौकोन आडवा बांधायचा, खालच्या टोकांना सहावा. मधे आठ त्रिकोण आपोआप तयार होतात.

इथं बरेच जण हात टेकतात, कारण सांगाडा डुगडुगतो. तो डुगडुगणारच. चौकोनांच्या कर्णांवर दोरा ताणून बांधला की बराच सावरतो, आणि बाकीचं काम कागद करतो. कागद काडीपेक्षा अर्धा इंच मोठा कापा, खळ काडीला लावा, कड आत दुमडा. ओला असताना कागद सैल लोंबतो. ओढायला जाऊ नका, फाटेल. वाळताना तो आपोआप ताणला जातो. शंकरपाळ्यांना एक रंग, त्रिकोणांना दुसरा. वरचा आणि खालचा चौकोन उघडाच ठेवायचा.

झिरमिळ्यांसाठी कागदाच्या घड्या घालून वर दोन इंच पट्टी सोडून खालून बारीक कात्री चालवायची. ती पट्टी खालच्या चौकोनाला गुंडाळून चिकटवायची. चारी कोपऱ्यांना छोट्या झिरमिळ्या लावल्या तर कंदील भरलेला दिसतो. आत पाच वॅटचा एलईडी पुरतो. जुना साठ वॅटचा पिवळा बल्ब चुकूनही लावू नका, त्याच्या उष्णतेनं कागद करपतो. बल्ब मधोमध लोंबला पाहिजे, कागदाला टेकता कामा नये. परतीच्या पावसाचा भरवसा नाही, तेव्हा कंदील छपराखालीच.

ओल आलेल्या भिंतीला घडीची फुलं. घोटीव कागदाची पट्टी पंख्यासारखी मागं-पुढं दुमडा, मधे दोऱ्यानं आवळा, दोन्ही बाजू फुलवून कडा चिकटवा. मागं लग्नपत्रिकेचा गोल तुकडा लावला की फूल पडत नाही. लहान-मोठी आठ-दहा फुलं एकत्र लावली तर डाग कुठं होता ते पाहुण्याला कळत नाही. पताका सोप्या आहेत, पोरांना द्या. फक्त त्या छताच्या पंख्यापासून आणि समईपासून लांब बांधा.

ताटाखाली मात्र रंगीत कागद नको. एका वर्षी मी हौसेनं गुलाबी पतंगी कागदाची जाळी कापून प्रत्येक ताटाखाली ठेवली होती. पाण्याचे तांबे ओले, त्यात भाच्यानं कढी सांडली, आणि दाजींचं नवं पांढरं धोतर गुडघ्याजवळ गुलाबी झालं. दाजी काही बोलले नाहीत. अक्का बोलली, आणि अजून दर भाऊबीजेला बोलते. तेव्हापासून साधा पांढरा कागद चौघडी करून कापतो, उलगडला की रांगोळीसारखा दिसतो. फराळाच्या बशीत रद्दीचा पेपर घालायची सवयही सोडा. छपाईची शाई पदार्थात उतरते, आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणानंही वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ ठेवू नयेत असं बजावलं आहे.

वेळेचं म्हणाल तर सांगाडा वसुबारसेच्या आधीच्या रविवारी बांधावा, कागद दुसऱ्या दिवशी लावावा आणि रात्रभर वाळू द्यावा. पताका आणि भिंतीवरची फुलं पाडव्याला संध्याकाळी लावली तरी चालतात. तुळशीचं लग्न झालं की कागद काढून टाका आणि सांगाडा जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवा. पुढच्या वर्षी नुसता कागदाचा खर्च.