सुट्या पैशांचे दप्तर

नाण्यांचा इतिहास ज्यांनी लिहिला त्यांनी तो बहुतेक राजांचा लिहिला. नाणे कोणी पाडले, मुद्रा कोणाची, धातू कोणता, वजन किती, एवढे सांगितले की त्यांचे काम संपते. टांकसाळीतून बाहेर पडलेले नाणे पुढे कोणाच्या हाती गेले आणि कोणाच्या हाती गेलेच नाही, हा प्रश्न त्या पुस्तकांत सहसा येत नाही. मला मात्र तो सोडता आलेला नाही. ज्या समाजात मी जन्मलो त्याचा पैशाशी संबंध पिढ्यान् पिढ्या एका विचित्र रीतीने जोडलेला होता. गावाचा पैसा वाहून नेणे हे त्याचे काम होते. पैसा मिळवणे हा त्याचा हक्क नव्हता.

बेल्हे हे जुन्नर तालुक्याच्या पूर्वेकडचे बाजाराचे गाव. माळशेज घाट चढून आळेफाट्यावरून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते लागते. सोमवारी इथे बाजार भरतो आणि बैलांच्या खरेदी-विक्रीसाठी त्याचे नाव आहे. बैलाचा सौदा नोटांत होतो, आता फोनवरूनही पैसे जातात. पण कोथिंबिरीची जुडी, चहाचा पेला, लेकराच्या हातातला खाऊ यांना अजून सुटे पैसे लागतात. नोकरीतून मोकळा झाल्यापासून मी बँकेतून सुट्या रुपयांच्या पिशव्या आणतो. एका पॉलिथिनच्या पिशवीत शंभर नाणी असतात. शंभराची नोट देऊन ती घ्यायची, घरी वर्तमानपत्रावर ओतायची, एकेक नाणे पाहायचे, आणि बाजाराच्या आदल्या दिवशी भाजीवाल्या बाईला किंवा किराणावाल्याला देऊन टाकायची. त्यांची सोय होते, माझे काम होते.

या कामाला फार साहित्य लागत नाही. एक भिंग आणि एक लोहचुंबक पुरे. १९९२ पासून रुपया स्टेनलेस स्टीलचा निघू लागला. तो चुंबकाला चिकटतो. त्याआधीचा, १९७५ नंतरचा, तांबे व निकेल यांच्या मिश्रधातूचा. तो चिकटत नाही. ढिगावरून चुंबक फिरवला की नवी नाणी वर येतात आणि जुनी कागदावर राहतात. मग साल पाहायचे आणि सालाखालची खूण पाहायची. चौकटच्या आकाराची खूण मुंबईच्या टांकसाळीची, चांदणी हैदराबादची, गोल ठिपका नॉयडाचा. खूणच नसेल तर नाणे कोलकात्याचे. संग्राहक ज्या दुर्मीळ खुणांमागे लागतात त्यांत मला गोडी नाही. मी साल शोधतो. का शोधतो, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

जुन्नरचा परिसर हा नाण्यांचाच परिसर आहे. कोकणातून घाटावर येणाऱ्या व्यापारी वाटेवर नाणेघाट आहे. घाटमाथ्यावर दगडाचा मोठा रांजण आहे आणि त्यात जकातीचे नाणे टाकत असत, असे लोक सांगतात. तिथल्याच लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. कोणत्या यज्ञाला किती गाई, किती घोडे, किती हजार कार्षापण दक्षिणा दिली, याची ती भिंतभर यादी आहे. शाळेच्या सहलीत आम्हांला तो लेख दाखवत आणि त्याचा अभिमान बाळगायला सांगत. दक्षिणा घेणारे कोण होते हे लेखातच आहे. ते धन कोणाच्या घामातून आले हे मात्र कोणी खोदून ठेवले नाही.

याच जुन्नरच्या डोंगरांत बौद्ध लेणी आहेत आणि त्यांतले लेख वेगळी हकीकत सांगतात. संघासाठी दिलेले दान इथे कारागिरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवलेले दिसते. एका लेखात वेळूकाम करणाऱ्यांची श्रेणी आहे, कांस्यकारांची श्रेणी आहे. नाशिकच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याने विणकरांच्या एका श्रेणीकडे दोन हजार कार्षापण दरमहा शेकडा एक दराने ठेवले. वर्षाचे व्याज दोनशे चाळीस. त्यातून वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा. हिशेब आजही चोख जुळतो. तेव्हाचे वेळूकार आणि आजचे बुरूड यांची वंशावळ जोडण्याचा माझा हट्ट नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की वेळू सोलणाऱ्या हातांवर विश्वासून पैसा ठेवला जात होता असा एक काळ याच मातीत होऊन गेला, आणि तो दगडावर लिहिलेला आहे. हाताने काम करणारा माणूस पैशाच्या व्यवहाराला अपात्र, ही समजूत अनादी नाही. ती नंतर तयार केली गेली.

ती समजूत गावगाड्यात पक्की झाली. महाराच्या कामांची यादी लांब होती: वेस राखणे, सांगावा नेणे, सरकारी माणसाच्या घोड्यापुढे धावणे, शिवेचा वाद निघाला तर साक्ष देणे. त्यांतच एक काम होते ते गावचा वसूल तालुक्याच्या कचेरीत पोचवणे. शेतसाऱ्याची थैली महाराच्या खांद्यावरून जाई. त्याला वेशीच्या आत घर नव्हते, पण गावाची सगळी रोकड त्याच्या हवाली करताना गावाला भीती वाटत नव्हती. आणि या इमानाचे मोल कशात मिळे? खळ्यावरच्या पेंढीत, दारोदार मागितलेल्या भाकरीत, मेलेल्या जनावरात. नाण्यात नाही.

पैसा हाती आला तरी त्याची रीत वेगळी होती. आमच्या घरच्या म्हाताऱ्या बाया सांगत की दुकानाच्या पायरीवर पैसा ठेवून लांब उभे राहायचे. दुकानदार त्यावर पाणी शिंपडून तो उचलणार आणि मीठ-मिरची वरून पदरात टाकणार. लहानपणी हे ऐकताना मला प्रश्न पडे की पैसा पाण्याने शुद्ध होतो, तर माणूस का होत नाही. पुढे उत्तर मिळाले. पैशावाचून दुकानदाराचे अडत होते, माणसावाचून अडत नव्हते.

हे सगळे ज्याने अर्थशास्त्राच्या डोळ्यांनी पाहिले तो माणूस याच समाजातला. बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरचा इंग्रजी प्रबंध १९२३ मध्ये लंडनमध्ये ग्रंथरूपाने निघाला. रिझर्व्ह बँक त्या ग्रंथावरून उभी राहिली, असे आपल्या सभांतून मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. ग्रंथात काय आहे ते पाहणे मला अधिक उपयोगाचे वाटते. रुपयाचा हुंडणावळीचा दर घसरला की निर्यातदाराचा नफा वाढतो, याचे तेव्हा कौतुक होत असे. बाबासाहेबांनी विचारले, हा नफा येतो कोठून? किमती वाढतात तितक्या वेगाने मजुरी वाढत नाही. मधला फरक मजुराच्या ताटातून जातो. म्हणून सरकारच्या मर्जीने फुगणारे चलन त्यांना नको होते. चलन काढण्यावर पक्की मर्यादा हवी होती. सोन्याचांदीच्या रुक्ष वादात रोजंदारीच्या माणसाचे ताट आणून ठेवणारा हा विचार आहे.

आणि हाच विचार गावापर्यंत आणण्याचा त्यांनी प्रयत्न केला. १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात त्यांनी वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. बलुत्याच्या धान्याऐवजी रोख पैसा ठरवावा आणि तो शेतसाऱ्याबरोबर सरकारने वसूल करून महारांना द्यावा, अशी त्यात तरतूद होती. धान्य मागावे लागते. ठरलेला पैसा मागावा लागत नाही. ते विधेयक १९२९ मध्ये त्यांना मागे घ्यावे लागले. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा झाला तो १९५८ साली, बाबासाहेब गेल्यावर.

आता माझ्या सालांकडे येतो. ही सगळी साले बँकेच्या पिशवीत सापडत नाहीत. पंचवीस पैसे व त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. ती घरोघरच्या डब्यांत आहेत आणि मी कामासाठी बसलेला पाहून लोक डबे घेऊन येतात. एका डब्यात १९४३ चा भोकाचा पैसा असतो. महायुद्धात तांब्याची टंचाई झाली, म्हणून मधला धातू काढून घेतलेला. बायांनी तो करगोट्यात ओवून पोरांच्या कमरेला बांधला. राणीछाप वा राजाछाप चांदीचा रुपया क्वचित निघतो. १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आणली गेली, त्याआधीचा असेल तर तो सोनाराकडे कधीच गेलेला असतो. १९५० चा आणा निघतो, त्यावर राजाचे तोंड नाही, सारनाथची सिंहमुद्रा आहे. अशोकाचे हे चिन्ह प्रजासत्ताकाच्या पहिल्या नाण्यापासून प्रत्येकाच्या खिशात आहे.

आणि १९५७ चा नया पैसा निघतो. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे जाऊन शंभर नये पैसे झाले. एक आण्याला सहा नये पैसे, दोन आण्यांना बारा, तीन आण्यांना एकोणीस, असा बदल्याचा तक्ता होता. पाव-अर्ध्या पैशाची ती कसर कोण सोसतो यावर बाजारात भांडणे होत, असे वडील सांगत. त्याच्या आदल्या ऑक्टोबरात, १४ तारखेला, नागपूरला दीक्षा झाली होती. आमच्या वस्तीने मेलेली जनावरे ओढणे आणि भाकरी मागणे सोडले, ते नये पैसे आले त्याच काळात. म्हणून १९५७ चे ते चिमुकले नाणे माझ्या वहीत राजकीय घटनेसारखे नोंदलेले आहे. भाकरीऐवजी मजुरी घ्यायची, हे ठरवल्यानंतरच्या पहिल्या मजुरीचे ते नाणे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून आठवड्याच्या पगाराला अंगठा उठवणाऱ्या आमच्या बायांच्या हातात पंचवीस आणि पन्नास पैशांची नाणी पडली. त्या सालची नाणीही मी वेगळी ठेवली आहेत.

बँकेच्या पिशवीत मी ज्याची वाट पाहतो ते साल १९९०. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीनिमित्त त्या वर्षी एक रुपयाचे नाणे निघाले; एका बाजूला त्यांचा चेहरा, दुसऱ्या बाजूला सिंहमुद्रा. ते चुंबकाला चिकटत नाही. त्याच वर्षी त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळाले, आणि त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती मिळू लागल्या. धर्मांतरानंतर चौतीस वर्षांनी. इतकी वर्षे शाळेच्या दाखल्यावर काय लिहायचे या पेचात गेलेली पिढी ते नाणे पाहते तेव्हा तिला नुसता चेहरा दिसत नाही.

गेल्या दहा-बारा वर्षांत पिशव्यांतून मला असे सात रुपये मिळाले. ते कमी मिळतात, कारण लोक ते खर्च करत नाहीत. आपल्या घरांत ते बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे ठेवलेले दिसतात. इथेच बाजार शिरतो. जुनी नाणी लाखांत विकली जातात अशा जाहिराती फोनवर येतात. आमच्याकडची एक मोलमजुरी करणारी बाई अशाच एका अनोळखी माणसाला नोंदणीच्या नावाखाली दोन हजार रुपये देऊन बसली. तिच्याकडे होता साधा एक रुपया. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीत आपण नाही, कसले शुल्क घेत नाही आणि कोणाला तसा अधिकारही दिलेला नाही, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले होते. ते तिच्यापर्यंत पोचलेच नव्हते. लाखो नगांनी पाडलेले नाणे लाखाचे होत नाही, हे तिला मी समजावले. तिला ते पटले की नाही कोण जाणे. फसण्यामागे तिचा लोभ नव्हता, मुलीची फी होती.

उलट प्रकारही पाहिला. बाबासाहेबांच्या १२५ व्या जयंतीनिमित्त ६ डिसेंबर २०१५ रोजी दहा रुपयांचे नाणे निघाले. पुढे दहाची नाणी खोटी असल्याची अफवा उठली आणि दुकानदार ती घेईनात. चौदाही नमुने खरे आहेत, असे रिझर्व्ह बँकेला जानेवारी २०१८ मध्ये सांगावे लागले. दुकानाच्या फळीवरून ते नाणे परत सरकवले जाताना पाहून आमच्या म्हाताऱ्या माणसांच्या चेहऱ्यावर काय उमटे, ते त्या दुकानदाराला कळणे शक्य नव्हते. तो जातीमुळे नाकारत नव्हता, अफवेमुळे नाकारत होता. पण नाकारले जाण्याची ज्यांना पिढीजात ओळख आहे ते इतका बारीक फरक करत बसत नाहीत.

मग सात रुपयांचे मी काय केले, असे वाचक विचारतील. एक वहीत ठेवला आहे; त्याशेजारी साल, खूण आणि सापडल्याची तारीख लिहिली आहे. बाकीचे सहा मी सोमवारच्या बाजारात खर्च केले. मित्र रागावले. बाबासाहेबांचे नाणे कोणी मिरचीच्या पुडीसाठी देते का, म्हणाले. मला वाटते ते त्यासाठीच काढले होते. तसबिरीपुढे ठेवलेले नाणे आपण आपल्यातच ठेवतो. बाजारातले नाणे बागायतदाराच्या हाती जाते, वाण्याच्या गल्ल्यात जाते, देवळाच्या पेटीत जाते. त्यावर पाणी शिंपडायची आता कोणाची छाती नाही, आणि ते वरून टाकताही येत नाही. आमच्या आज्यांनी पायरीवर ठेवलेल्या पैशाचा हिशेब अजून पुरा झालेला नाही. तो बाजारात व्हायचा आहे.

माझी विनंती एवढीच की आपल्या घरचे डबे भंगारात किंवा फोनवरच्या गिऱ्हाइकाला देण्याआधी एकदा कागदावर ओता. प्रत्येक नाण्याचे साल लिहा आणि त्या साली घरात कोण कमावत होते, काय काम करत होते, मजुरी कशात मिळत होती हे घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारून पुढे लिहा. आपल्या पूर्वजांची नावे कुलकर्ण्याच्या दप्तरात फारशी नाहीत, आणि जिथे आहेत तिथे वेठीच्या यादीत आहेत. त्यांच्या हातून गेलेली नाणी मात्र अजून आहेत, आणि ती ज्यांनी मोजली त्यांतली काही माणसेही आज ओसरीवर बसलेली आहेत.