बासाय येथील अपोलो मंदिर

बासाय येथील अपोलो एपिक्यूरिअसचे मंदिर हे ग्रीसमधील पेलोपोनीजच्या डोंगराळ प्रदेशात, समुद्रसपाटीपासून सुमारे १,१३० मीटर उंचीवर असलेले प्राचीन भग्नमंदिर आहे. ‘एपिक्यूरिअस’ म्हणजे साहाय्यकर्ता. साथीतून तारल्याबद्दल फिगालियाच्या रहिवाशांनी अपोलोला हे नाव दिले, असे प्राचीन प्रवासवर्णनकार पॉसेनियस सांगतो. बांधकाम इ.स.पू. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे. कोरिंथियन शैलीचा सर्वांत जुना ज्ञात स्तंभ येथलाच. १९८६ साली मंदिराचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

ऊन, पाऊस व हिम यांनी चुनखडीचा दगड झिजू नये म्हणून १९८७ साली संपूर्ण मंदिरावर भलामोठा तंबू उभारण्यात आला. त्यामुळे डोंगरमाथ्यावरील स्तंभांचे दूरदर्शन घडत नाही. प्रथमदर्शनी काहीशी निराशाच होते. आत शिरल्यावर मात्र करडे स्तंभ एकदम समोर उभे ठाकतात. गाभाऱ्यातील शिल्पपट्टाच्या २३ शिला येथे नाहीत. त्या लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.