ओरॅकल डेटाबेस व त्याचे पर्याय

व्यवसायाच्या नोंदी परस्परसंबंधित तक्त्यांत साठवणारी व्यापारी डेटाबेस प्रणाली. आयबीएममधील ई. एफ. कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या रिलेशनल सिद्धांतावर ती आधारलेली असून १९७९ मध्ये बाजारात आली. मायक्रोसॉफ्टची एसक्यूएल सर्व्हर ही तिची व्यापारी स्पर्धक. पोस्टग्रेएसक्यूएल व मायएसक्यूएल हे मुक्तस्रोत पर्याय. यांपैकी मायएसक्यूएल २०१० पासून ओरॅकल कंपनीच्याच मालकीची आहे.

ओरॅकलच्या एंटरप्राइझ आवृत्तीचा परवाना सहसा प्रोसेसरच्या कोअरवरून मोजतात. म्हणजे सर्व्हर मोठा केला की परवानाखर्चही वाढतो. पार्टिशनिंगसारख्या सोयींचे आणि वार्षिक देखभालीचे पैसे वेगळे. पोस्टग्रेएसक्यूएलला परवानाशुल्क नाही, पण जाणकार माणसांचा पगार चुकत नाही.

खरी कसोटी ओरॅकलवरून दुसरीकडे स्थलांतराची. ओरॅकलच्या पीएल/एसक्यूएल भाषेत लिहिलेला जुना कोड पुष्कळदा नव्याने लिहावा लागतो. बारीक फरकही छळतात: ग्राहकाच्या मधल्या नावाचा रकाना रिकाम्या स्ट्रिंगने भरला, तर ओरॅकल त्याला ‘नल’ मानते, पोस्टग्रेएसक्यूएल मानत नाही. त्यामुळे तीच क्वेरी वेगळ्या नोंदी दाखवते, आणि चूक अहवाल जुळवताना उघडी पडते. तरीही हे काम अशक्य नाही. ॲमेझॉनने आपल्या ग्राहक-व्यवसायाचे सुमारे ७,५०० ओरॅकल डेटाबेस इतरत्र हलवल्याचे २०१९ मध्ये जाहीर केले; अर्थात ते तिच्या स्वतःच्या डेटाबेस सेवांवर गेले.

अनेक सर्व्हरनी एकच डेटाबेस एकाच वेळी चालवायचा असेल, तर ओरॅकलची आरएसी व्यवस्था आजही भक्कम ठरते. तशी गरज नसलेल्या नव्या प्रकल्पासाठी पोस्टग्रेएसक्यूएलचा विचार आधी करावा.