चुलीपाशी मांडलेले देव



मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक झाली. हप्ते जमा झाले, वही मिटली, तरी एक ताई जागची उठेना. नवरा गेल्यावर ती दोन मुलींना घेऊन भाड्याच्या खोलीत राहायला आलीय. म्हणाली, "सासरहून निघाले तेव्हा चार भांडी मिळाली, देव मिळाले नाहीत. टाक थोरल्या दिरांकडंच राहिले. आता खोलीत देव्हारा मांडू का? शेजारीण म्हणते, एकट्या बाईनं देव मांडायचे नसतात."

बैठकीत दोन तट पडले. कुणी म्हणालं, कुळाचे देव पुरुषाच्या घरी. कुणी म्हणालं, मग रोज दिवा लावतं कोण? उत्तर आमच्याकडं नव्हतं. पण घरातले देव कुणाचे, हा प्रश्न फक्त आपल्याकडचा आहे की जुना आहे, ते शोधायचं आम्ही ठरवलं. शोधता शोधता आम्ही पोचलो थेट इटली देशात, दोन हजार वर्षांमागं.

तिथं पॉम्पेई नावाचं गाव होतं. इसवी सन 79 मध्ये शेजारचा व्हेसूव्हियस ज्वालामुखी फुटला आणि गाव राखेखाली गाडलं गेलं. 1748 पासून तिथं खोदकाम सुरू झालं आणि घरंच्या घरं वर आली. आपलाही एक धागा तिथं आहे. 1938 साली तिथल्या एका घरात बाईची हस्तिदंती मूर्ती सापडली, अस्सल भारतीय घडणीची. तशाच मूर्ती आपल्या जालना जिल्ह्यात भोकरदनला आणि धाराशिव जिल्ह्यात तेरला मिळाल्यात. त्यामुळं ती आपल्याच भागातून गेली असावी, असं बरेच अभ्यासक मानतात. ती पूजेतली नव्हती, आरशाची मूठ नाहीतर सामानाचा पाय असावी. पण त्या गावात आणि आपल्यात इतकं अंतर नव्हतं, हे त्यावरून कळतं.

या पॉम्पेईच्या घराघरात देव्हारे सापडले. श्रीमंताच्या वाड्यात छोट्या देवळासारखा घडवलेला, आत पितळी नाहीतर काशाच्या मूर्ती. साध्या घरात भिंतीतला कोनाडा. तोही नसेल तर स्वयंपाकघरात चुलीजवळच्या भिंतीवर नुसतं रंगवलेलं चित्र. चित्रात बहुधा दोन तरुण देव नाचताना दिसतात, हातात शिंग धरलेलं. त्यांना 'लार' म्हणत. हे घराचे राखणदार. खाली वेदीकडं सरपटत जाणारा साप. तोही घराचा राखणदारच, आपल्याकडं नागोबाला मानतात तसा. शिवाय कोठीघराचे देव वेगळे, त्यांना 'पेनाती' म्हणत. धान्याच्या कणगीला आपण हळदकुंकू वाहतो, त्यातलाच हा भाव.

पूजाही साधी. ऊद, थोडा द्राक्षाचा मद्यरस, फळं, फुलांचा हार. जेवताना ताटातला घास चुलीच्या विस्तवात टाकायचा. रोजच्या पूजेला पुजारी लागत नसे.

मग ती करायचं कोण? इथं आमचे कान टवकारले.

काटो नावाच्या रोमन जमीनदारानं इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात शेतीवर पुस्तक लिहिलं. त्यात शेतावरच्या कारभारणीची कामं सांगितलीत. ती बहुधा गुलाम बाई असायची. तिनं रोज रात्री झोपण्याआधी चुलीची जागा झाडून काढावी, महिन्यातल्या ठरलेल्या तीन दिवशी आणि सणाला चुलीवर हार बांधावा आणि घरच्या देवाची प्रार्थना करावी. पण त्याच ठिकाणी तो बजावतो की मालकाच्या किंवा मालकिणीच्या हुकमाशिवाय तिनं पूजाविधी करायचे नाहीत, सगळ्या घरासाठी पूजा मालकच करतो. म्हणजे चूल तिनं झाडायची, हार तिनं बांधायचा आणि मान मालकाचा. ओळखीचं वाटतं ना?

नवरी सासरी यायची तेव्हा तीन नाणी आणायची, अशी रीत सांगितलेली आहे. एक नवऱ्याला, एक चुलीच्या देवाला, एक चौकातल्या देवाला. आल्या दिवसापासून त्या देवाशी तिचं नातं जोडलं जायचं. आणि लग्नाआधी मुली आपल्या बाहुल्या माहेरच्या देवापुढं ठेवून यायच्या.

प्लॉटस नावाच्या नाटककारानं, काटोच्याच काळात, सोन्याच्या हंड्याचं एक नाटक लिहिलं. त्यात घरचा देव स्वतः रंगमंचावर येऊन बोलतो. आजा कंजूष, मुलगा कंजूष, नातूही कंजूष, देवाला कुणी विचारत नाही. मात्र नातवाची लेक रोज काहीतरी वाहते, कधी ऊद, कधी हार. म्हणून देव पुरलेलं सोनं उघड करतो ते तिच्यासाठी, तिचं लग्न व्हावं म्हणून. नाटकातली गोष्ट आहे, पण त्यातला देव बघतो ते एवढंच की आपली आठवण कोण ठेवतं.

पुढं रोमच्या राज्यात ख्रिस्ती धर्म आला. इसवी सन 392 मध्ये थिओडोसियस बादशहानं कायदा केला, की घरातसुद्धा या देवांना दिवा लावायचा नाही, ऊद जाळायचा नाही, हार बांधायचा नाही. ज्या घरात ऊद जाळला ते घर जप्त. एवढ्या मोठ्या बादशहाला दिवा, ऊद आणि हार अशी एकेक वस्तू मोजून लिहावी लागली. यावरून कळतं की देवळांइतकंच बळ त्या कोनाड्यांत होतं.

हे सगळं आम्ही पुढच्या बैठकीत वाचून दाखवलं. धर्म शिकवणं हे आमचं काम नाही, हेही सांगितलं. ताई काही बोलली नाही.

परवा तिच्या खोलीवर गेलो. खिडकीखाली एक फळी ठोकलेली. तिच्यावर देवीची तसबीर, तांब्याचा गडू, निरांजन. टाकांसाठी तिनं दिरांकडं निरोप धाडलाय, अजून उत्तर नाही. फळीवर डाव्या बाजूला टाकांपुरती जागा तिनं मोकळी ठेवलीय. "मिळाले तर तिथं ठेवीन. न मिळाले तर दिवा काय थांबतोय?" असं म्हणाली आणि धाकटीला वात वळायला बसवलं.

तुमच्या घरातले देव कुणाच्या नावचे आणि दिवा कोण लावतं, हे पुढच्या बैठकीत एकमेकींना विचारून बघा. वाद झाला तर होऊ द्या.