खाणावळ आणि उपाहारगृह : जपानमधील भारतीय ताटाची गोष्ट

'भारतीय जेवण' या नावाचे जेवण कोणत्याही भारतीय घरात शिजत नाही. वाटूरच्या घरात भाकरी आणि कोरड्यास असते, केरळातल्या घरात भात आणि सांबार, बंगाली घरात भात आणि माशाचे कालवण. या सर्वांना मिळून एक नाव पडते ते घराबाहेर, आणि बहुधा देशाबाहेर. म्हणून भारतीय उपाहारगृहाचा इतिहास हा पदार्थांचा इतिहास म्हणून वाचू गेल्यास हाती फार थोडे लागते. कोण कोणासाठी रांधत होते, आणि रांधणाऱ्याला त्याच पंगतीत बसता येत होते की नाही, असे विचारले तर मात्र तोच इतिहास बोलू लागतो.

हा प्रश्न मांडण्यासाठी मराठीत दोन शब्द आधीपासूनच आहेत. खाणावळ आणि उपाहारगृह. (बोलीत आपण उपाहारगृहाला सरसकट 'हॉटेल' म्हणतो, तो भाग वेगळा.) खाणावळीत घर सुटलेल्या माणसाला त्याच्याच घरचे जेवण मिळते. मुंबईच्या गिरणगावात घाटावरून आणि कोकणातून आलेल्या कामगारांना ज्या बायांनी महिन्याच्या बोलीवर जेवू घातले, त्यांच्या खाणावळी या जातीच्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली 'अन्नपूर्णा महिला मंडळा'त ज्यांना संघटित केले त्या ह्याच बाया. उपाहारगृहाची रीत वेगळी. तिथे परका परक्याला वाढतो, आणि जे वाढतो ते स्वतःच्या घरचे असेलच असे नाही. वाटूर फाट्यासारख्या जालना–मंठा रस्त्यावरच्या कोणत्याही ठिकाणी पाट्या वाचाव्यात. पनीर, काजू करी, मंचुरियन यांची नावे ठळक असतात आणि ज्वारीची भाकरी असलीच तर शेवटच्या ओळीत. परक्याला आवडेल असे आपले रूप मांडणे हा उपाहारगृहाचा धर्मच होय. या दोन शब्दांच्या उजेडात जपानमधले भारतीय ताट पाहावे, असा आमचा प्रयत्न आहे.

जपानला करी भारतीयांनी दिली नाही, इंग्रजांनी दिली. मेइजी काळात, १८७२ साली छापलेल्या पाश्चात्त्य पाककृतींच्या पुस्तकांत करीची कृती आढळते. म्हणजे 'करी' जपानी स्वयंपाकघरात शिरली ती युरोपीय पदार्थ म्हणून. पुढे आरमाराने ती उचलली. १९०८च्या आरमारी पाकपुस्तकात पीठ परतून दाट केलेली, मांस, बटाटा, गाजर घातलेली करी भाताबरोबर देण्याची कृती आहे. शाळा, फौज आणि घर यांच्या वाटेने तिचा 'करे राइसू' झाला, आणि आज तो जपानी मुलांच्या आवडत्या जेवणांपैकी एक आहे. या सगळ्या प्रवासात एकही भारतीय माणूस लागला नाही. ताट आधी पोहोचले, ताटाचा धनी नंतर.

तो धनी १९१५च्या जूनमध्ये कोबे बंदरात उतरला, तोही खोट्या नावाने. लॉर्ड हार्डिंगवर १९१२ साली दिल्लीत झालेल्या बॉम्बहल्ल्याच्या कटातले आणि १९१५च्या फसलेल्या लष्करी उठावाच्या योजनेतले रासबिहारी बोस पी. एन. टागोर या नावाने जपानला आले. इंग्रजांच्या दडपणामुळे जपान सरकारने त्यांना देश सोडण्याचा हुकूम काढला. तेव्हा तोक्योच्या शिंजुकू भागातील 'नाकामुराया' या पावाच्या दुकानाचे मालक आइझो आणि कोक्को सोमा यांनी दुकानामागच्या चित्रशाळेत त्यांना लपवले. पुढे १९१८ साली सोमांची मुलगी तोशिको हिचा बोस यांच्याशी विवाह झाला. १९२३ मध्ये बोस जपानी नागरिक झाले. वर्षानुवर्षे लपतछपत, घरे बदलत काढलेल्या तोशिकोचा १९२५ साली, विशी ओलांडून काही वर्षे झाली असतानाच, मृत्यू झाला.

नाकामुरायाने १९२७च्या जूनमध्ये खाण्याची जागा उघडली आणि बोस यांच्या आग्रहाने 'शुद्ध भारतीय पद्धतीची करी' विकायला काढली. साधी करी १०–१२ सेनला मिळत असताना हिची किंमत ८० सेन होती. हाडासकट कोंबडी, मसाल्यांचा वास, पिठाचा दाटपणा नाही. ही किंमत आणि ही कृती मिळून एक विधान होते, असे आम्हाला वाटते. तुम्ही जी करी खाता ती आमच्या मालकांची आहे, आमची नव्हे, असे एका पदच्युत देशाचा माणूस बशीतून सांगत होता. राजकीय भाषण करणे ज्याला धोक्याचे, त्याने पाककृतीतून केलेले ते भाषण होते.

नाकामुराया आजही ही करी 'प्रेम आणि क्रांती यांची चव' म्हणून ओळखली जावी अशी जाहिरात करते. वाक्य गोड आहे, पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने ते चाखून थांबू नये. ज्या 'प्रेमा'चा उल्लेख होतो त्याची किंमत तोशिकोने आयुष्याने भरली. बोस यांचा मुलगा मासाहिदे जपानी सैनिक म्हणून १९४५ साली ओकिनावाच्या लढाईत मारला गेला. बोस स्वतः त्याच वर्षीच्या जानेवारीत वारले होते. 'क्रांती'च्या बाबतीतही हेच. इंग्रजी साम्राज्याविरुद्ध उभे ठाकलेले बोस जपानी साम्राज्याखाली कोरिया आणि चीन भरडले जात असताना ज्या आशियाई ऐक्याची भाषा बोलत होते, तिच्यातली विसंगती ताकेशी नाकाजिमा यांनी २००५ साली प्रसिद्ध झालेल्या बोसचरित्रात स्पष्टपणे मांडली आहे. ज्याने आसरा दिला त्याचे दोष दिसेनासे होतात, ही आश्रिताची शोकांतिका. ताटातल्या मिठाचे इमान विचारांवरही चढते.

बोस यांचे सहकारी ए. एम. नायर मूळचे त्रावणकोरचे. क्योतोच्या विद्यापीठात स्थापत्य शिकायला १९२८ साली आले आणि इंग्रजविरोधी चळवळीमुळे परतीची वाट बंद झाली. युद्ध संपले, देश स्वतंत्र झाला, आणि १९४९ साली त्यांनी तोक्योच्या गिंझा भागात स्वतःच्या नावाचे उपाहारगृह काढले. ते आजही चालू आहे. क्रांतिकारकाने गल्ल्यावर बसावे, यात वरवर पाहता उतार दिसेल. आमच्या मते स्वातंत्र्यानंतर परदेशात उरलेल्या माणसापुढे असलेला तो सर्वांत प्रामाणिक मार्ग होता. लढाई संपली होती, आणि ज्यांच्यात राहायचे त्यांना काहीतरी देणे भाग होते.

तिसरे नाव आम्हा मराठवाड्याच्या लोकांना थबकवणारे आहे. दक्षिण भारतातून आलेल्या जया मूर्ती यांनी १९५०च्या दशकात तोक्योत जे उपाहारगृह उभे केले त्याचे नाव 'अजंता'. अजिंठा आणि वाटूर दोन्ही १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातली, एकाच मराठवाड्यातली. पण अजिंठ्याचे नाव जपानला परके नव्हते. चित्रकार आराई काम्पो यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात भारतात येऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या होत्या. त्या नकला १९२३च्या भूकंपानंतरच्या आगीत नष्ट झाल्या. नारा येथील होर्यूजी मंदिराची भित्तिचित्रे अजिंठ्याशी ताडून पाहिली जात, तीही १९४९च्या जानेवारीत जळाली. म्हणजे 'अजंता' ही पाटी लागली तेव्हा तोक्योतील सुशिक्षित माणसाला तिच्यात बुद्धाचा, चित्रांचा आणि गमावलेल्या वस्तूंचा ओलावा जाणवत असणार. मात्र पाटीवर अजिंठा आणि आत दक्षिणेचे पदार्थ. अजिंठ्याच्या पायथ्याशी जे खाल्ले जाते ते त्या यादीत नव्हते. नाव आमचे गेले, भाकरी घरीच राहिली.

यात कोणाचा अपराध नाही. उपाहारगृहात पोहोचते ते बहुधा घर सुटलेल्यांचे अन्न. जगभर 'भारतीय' म्हणून ओळखली जाणारी तंदुरी आणि मखनी पदार्थांची यादीही अशीच घडली. फाळणीनंतर पेशावरहून आलेल्या निर्वासितांनी दिल्लीच्या दर्यागंजात 'मोती महल' उभे केले, आणि त्यांच्या भट्टीतले पदार्थ साऱ्या देशाचे प्रतिनिधी ठरले. आज जपानमध्ये गावोगावी ताटाबाहेर लोंबणारा भलामोठा नान आणि लोणीदार करी देणारी हजारो 'भारतीय' उपाहारगृहे आहेत. त्यांतली बहुसंख्य नेपाळी लोक चालवतात. कित्येक स्वयंपाकी एकट्या बागलुंग जिल्ह्यातून आलेले. पेशावरच्या निर्वासिताचे अन्न, त्याला भारताचे नाव, रांधणारा नेपाळी आणि खाणारा जपानी. 'अस्सल काय' हा प्रश्न विचारणाऱ्याने ही साखळी डोळ्यांसमोर ठेवावी.

या साखळीला जपानी समाजाने कसे वागवले? ताट त्याने मनापासून स्वीकारले. जेवण्यापूर्वी 'इतादाकिमासू' म्हणून अन्नाला नमणारा हा समाज आहे. आपल्या चित्राहुतीशी या नमनाचे नाते कोणालाही उमगेल. पण ताट आणि माणूस यांच्यात अंतर राहिले. जपानच्या न्याय मंत्रालयाने करवलेल्या आणि २०१७ साली जाहीर झालेल्या पाहणीत, आधीच्या पाच वर्षांत घर शोधलेल्या परदेशी रहिवाशांपैकी सुमारे ४० टक्क्यांनी परदेशी म्हणून नकार मिळाल्याचे सांगितले. स्वतःचा धंदा काढणाऱ्या परदेशी माणसासाठी भांडवलाची अट पूर्वी सर्वसाधारणपणे ५० लाख येनची होती, ती ऑक्टोबर २०२५ पासून ३ कोटी येन झाली. छोट्या उपाहारगृहाच्या मालकाला याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

ही वाक्ये वाचून मराठी वाचकाने मान हलवून मोकळे होऊ नये. मराठवाड्यातून पुण्या-मुंबईला शिकायला जाणाऱ्या मुलांना 'तुम्ही कोण, खाता काय' हे प्रश्न घर भाड्याने घेताना विचारले जातातच. ज्याच्या हातचे हॉटेलात चवीने खावे त्याला वाड्यात जागा नाकारावी, ही रीत समजायला जपानपर्यंत जावे लागत नाही.

अंतर तुटण्याची एक वाट मात्र तोक्योतच दिसते. विसावे शतक संपताना संगणकांतील '२०००च्या प्रश्ना'मुळे भारतीय अभियंते मोठ्या संख्येने तोक्योला आले. त्यांना भाड्याने घर मिळेना आणि शाकाहारी जेवण मिळेना. एदोगावा विभागातील निशी-कासाई येथे १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून राहणारे चहाचे व्यापारी जगमोहन चंद्राणी यांनी त्यांच्या घरांची आणि जेवणाची सोय लावण्यात पुढाकार घेतला. आमच्या शब्दांत सांगायचे तर तिथे उपाहारगृहाच्या आधी खाणावळ निघाली. त्याच वस्तीत पुढे मराठी घरगुती जेवण देणारी जागाही निघाली. ती काढली योगेंद्र पुराणिक यांच्या आईने. हे पुराणिक २०१९ साली एदोगावा विभागाच्या सभेवर निवडून आले. जपानमध्ये लोकांतून निवडून आलेले ते भारतात जन्मलेले पहिले प्रतिनिधी. या दोन गोष्टी एकाच घरात घडल्या, त्यातून कार्यकारणाचा नियम काढण्याचे आम्हाला कारण नाही. तरी फरक नोंदवण्याजोगा आहे. बोस यांना शेजाऱ्यांपासून लपावे लागले, पुराणिकांनी शेजाऱ्यांकडे मते मागितली. नायर यांनी पाहुण्यांसाठी रांधले. निशी-कासाईत मुले, आई-वडील, सण, शाळा असा सगळा संसार उभा राहिला, आणि जपानी शेजारी त्या संसारात जेवायला येऊ लागला.

आता आरसा उलटा धरू. जपानने भारताला एका बशीत पाहिले असेल, तर आपण जपानला कशात पाहिले? महर्षी कर्वे यांच्या हाती १९१५च्या सुमारास तोक्योच्या जपानी महिला विद्यापीठाची पुस्तिका आली आणि १९१६ साली त्यांनी भारतातले पहिले महिला विद्यापीठ सुरू केले. त्यांनी पुस्तिका वाचली, तिच्यातले आपल्या उपयोगाचे निवडले आणि कामाला लागले. पु. ल. देशपांडे यांनी 'पूर्वरंग'मध्ये जपान पाहिला तो एका रसिक पाहुण्याच्या नजरेने, माणसांत रमत. त्यानंतरच्या आपल्या लेखनात, व्याख्यानांत आणि शाळांच्या भाषणांत मात्र जपान बहुधा तीन-चार ठरलेल्या पदार्थांचा होऊन बसला. शिस्त, स्वच्छता, वेळेवर धावणारी गाडी, राखेतून उठलेले राष्ट्र. हे खोटे नाही. नानही खोटा नसतो. पण या यादीत एकटी राहणारी म्हातारी माणसे नसतात, कामाच्या ओझ्याने मरणाऱ्यांसाठी त्या भाषेला बनवावा लागलेला 'कारोशी' हा शब्द नसतो, दार न उघडणारा घरमालक नसतो. हा उपाहारगृहातला जपान आहे, परक्यासाठी सजवलेला. खाणावळीतला जपान वाचायचा तर त्यांच्या कादंबऱ्यांकडे आणि भाषेकडे वळावे लागते, आणि पुण्यात जपानी शिकणारे इतके विद्यार्थी असताना ते काम अवघड नसावे.

साहित्याच्या वर्गात आपण 'दुसऱ्याचे चित्रण' या विषयावर बोलतो तेव्हा कादंबरीच हाती घेतो. पदार्थांची यादीही तशीच वाचता येते. तिच्यात कोणाचे नाव आहे, कोणाचे अन्न आहे, रांधणारा कोणत्या दाराने आत येतो, आणि शेवटी पंगतीला कोण बसतो. वाटूर परिसरातून दर हिवाळ्यात ऊसतोडीला जाणारी कुटुंबे पीठ, तवा आणि चूल बरोबर घेऊन निघतात. फडावर बाई पहाटे भाकऱ्या थापते, त्या खायला परका कोणी येत नाही, म्हणून त्या जेवणाला कोणी 'भारतीय' म्हणत नाही. घर सुटलेल्यांचेच तेही अन्न. त्याचा इतिहास लिहिण्यासाठी तोक्योइतके लांब जावे लागणार नाही. मंठ्याच्या रस्त्यावर उभे राहिले तरी पुरे.