एल सेंट्रोच का? एका नोंदीच्या सवयीचा इतिहास

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एका काँक्रीट धरणाचं मॉडेल केलं आणि त्याला एल सेंट्रोची भूकंप-नोंद लावली. सेमिनारमध्ये एकच प्रश्न आला: "हीच नोंद का घेतलीस?" माझं उत्तर होतं, "सर, सगळे हीच घेतात." पुढे बोलण्यासारखं काही उरलं नाही. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून हे लिहितेय.

जोरदार हादऱ्याची जमिनीवरची नोंद ही तशी अलीकडची गोष्ट. रिस्पॉन्स स्पेक्ट्रमची कल्पना मॉरिस बायो यांनी १९३२ मध्ये मांडली, तेव्हा वापरायला नोंदीच नव्हत्या. पहिल्या नोंदी मिळाल्या त्या १० मार्च १९३३ ला, कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचच्या भूकंपात. मग १८ मे १९४० ला इम्पीरियल व्हॅली हादरली आणि एल सेंट्रो गावातल्या यंत्रावर, प्रस्तरभंगाच्या अगदी जवळ, सुमारे ०.३५ जी इतका कमाल प्रवेग नोंदला गेला. पुढे बरीच वर्षं याच्या तोडीची नोंद हाती नव्हती. हाउसनर यांनी १९५९ मध्ये जो सरासरी स्पेक्ट्रम दिला, त्यामागे मोजून चार भूकंप होते. एल सेंट्रो त्यातलाच. म्हणजे सुरुवातीला तिची निवड झाली ती नाइलाजाने. नाइलाज संपला, सवय राहिली.

आता कोयना बघा. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. तोवर हा भाग भूकंपाच्या दृष्टीने शांत समजला जाई; १०३ मीटर उंच धरणाचं डिझाइन ०.०५ इतका भूकंप गुणांक धरून केलं होतं. धरणाच्या गॅलरीतल्या यंत्राने नदीच्या दिशेने सुमारे ०.४९ जी, तर धरणाच्या लांबीच्या दिशेने ०.६३ जी नोंदवला. गुणांक आणि कमाल प्रवेग यांची थेट तुलना होत नाही, हे खरं. पण हादऱ्याचा जोर लहान आवर्तकालांत होता, आणि ताठ धरणाचा स्वतःचा आवर्तकालही तिथेच येतो. जिथे उतार एकदम बदलतो, त्या पातळीला तडे गेले. शिवाय हे यंत्र मोकळ्या जमिनीवर नव्हतं, धरणातच होतं; ही नोंद वापरताना तेवढं लक्षात ठेवा.

याच्या उलट मेक्सिको सिटी, १९ सप्टेंबर १९८५. भूकंप साडेतीनशे किलोमीटरहून दूर, पॅसिफिक किनाऱ्याजवळ. शहरातल्या जुन्या तळ्याच्या मऊ चिकणमातीवर कमाल प्रवेग सुमारे ०.१७ जी, म्हणजे एल सेंट्रोच्या निम्मा. तरी शेकडो इमारती पडल्या. कारण मातीने सुमारे दोन सेकंदांच्या लाटा वाढवल्या आणि मध्यम उंचीच्या इमारती नेमक्या त्यात सापडल्या. नुसता कमाल प्रवेग जुळवून नोंद स्केल केली असती, तर हे दिसलंच नसतं.

म्हणून नोंद निवडताना आधी आपल्या जागेला विचारा: धोका किती तीव्रतेच्या भूकंपाचा, किती अंतरावरून, खाली खडक की माती? मग बांधकामाच्या आवर्तकालाभोवती स्पेक्ट्रमचा आकार जुळतोय का ते पाहा. आणि एकीवर विसंबू नका. अमेरिकेची एएससीई-७ संहिता आधी सरासरीसाठी सात नोंदी मागायची, २०१६ च्या आवृत्तीपासून अकरा मागते.

एल सेंट्रो वाईट नाही. आजही एखादी नवी पद्धत जुन्या निकालांशी ताडून बघायला ती उत्तम. फक्त "का?" विचारल्यावर "सगळे घेतात" यापेक्षा बरं उत्तर तयार ठेवा. माझ्या मॉडेलला मी आता कोयनेची नोंदही लावलीय. तडा जिथे येतो, ती जागा बदलली.